अळीनं खाल्लेलं पान

५ फेब्रुवारी, सोमवार

खारू,

पत्राच्या डोक्यावर 'अनेक आशीर्वाद' घालायची पद्धत आहे, म्हणून सूनबाईनं मी न सांगताच घातले होते. मी खोडायला लावले. आशीर्वाद मागणाऱ्याला द्यावेत, आणि तू सव्वीस वर्षांत माझ्याकडे काही मागितलेलं नाहीस. तुला हवं ते तू न मागताच घेतेस.

अक्षर सूनबाईचं आहे आणि बोलणं माझं. ती मधेमधे माझं बोलणं गोड करून लिहिते असा मला संशय आहे. म्हणून प्रत्येक कागद भरला की वाचून दाखवायला लावते. तेव्हा पत्र कडू लागलं तर ते जसंच्या तसं पोचलं असं समज.

तब्येतीचं विचारू नकोस. एक्याऐंशीव्या वर्षी जशी असायची तशी आहे. गुडघे गेले, कान शाबूत आहेत. कान गेले असते तर बरं झालं असतं, कारण आमची भिंगरी शनिवारी आली होती आणि दोन दिवस तुझंच पुराण ऐकवून गेली.

भिंगरी म्हणजे माझी नात. तुझी नव्हे. हे सांगायची वेळ यावी हेच नवल. लहानपणी माझ्या पदराला धरून घरभर गरगर फिरायची म्हणून मी तिला भिंगरी म्हणायला लागले, आणि आता तू तिला त्याच नावानं हाक मारतेस म्हणे. ती तुला खारूआजी म्हणते. आजी हा शब्द काय रस्त्यात पडलाय?

तर ती आली ती टॉवेलात गुंडाळलेलं एक पुस्तक घेऊन. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन वर्षांपूर्वी तिला सापडलेलं. दगडावरून छापलेलं, हातानं रंगवलेलं, पतंग आणि फुलपाखरांचं, भाग पहिला. जेवणाच्या टेबलावर फडकं अंथरून तिनं ते ठेवलं आणि मला म्हणाली, "आजी, हात लावायच्या आधी हात धू हं. फार जुना कागद आहे."

मला म्हणाली. त्या कागदाला हात लावायला, मला. मी उठले आणि निमूट हात धुतले. साबण लावून.

मग तिनं एरंडाचं पान उघडलं. त्यावर ती लठ्ठ अळी, खाली कोश, वर पंख पसरलेला पतंग, आणि पानाची उजवी कड कुरतडलेली, खाल्लेल्या कडेला बारीक तपकिरी किनार. पोरगी त्या कडेवरून बोट फिरवत होती, कागदापासून एक इंच वर. म्हणाली, पुस्तकातली बाकीची सगळी पानं कशी इस्त्री करून ठेवल्यासारखी आहेत, हे एकटंच खाल्लेलं आहे. जिनं हे केलं तिनं पान खरंच बघितलं होतं. त्या एका कडेवरून ती दोन वर्षं चित्रं काढतेय. भिंतीएवढी पानं, कागद कातरून केलेली, सगळी खाल्लेली. पंधरा मार्चला तिचं प्रदर्शन उघडतंय आणि दाराशीच्या भिंतीवर ती लिहिणार आहे की हे सगळं जिच्यामुळे सुचलं ती खारूआजी.

कारण पुस्तकाच्या शेवटी नाव तुझं छापलेलं आहे, आणि ते नाव शोधतच ती तुझ्या दारात पोचली.

तुझ्या खोलीचंही वर्णन ऐकलं. उत्तरेची खिडकी, बरण्यांत उभे केलेले ब्रश, आणि या वयातही तुझा हात थरथरत नाही म्हणे. थरथरत माझाही नाही. पण वाटाणे सोलणाऱ्या हाताकडे कोण बघतंय.

भिंतीवरचा मजकूर दहा मार्चला छापायला जाणार आहे. ते पान कुणाचं हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. माहीत असेल असं तिसरं कुणी आता जिवंत नाही. दहा तारखेच्या आत तिला लिही आणि मोकळी हो. चोराला चांदणं आवडत नाही हे मला ठाऊक आहे, पण तू आता म्हातारी झालीस, थोडं उजेडात बस.

तुझी ताई


१६ फेब्रुवारी, शुक्रवार

खारू,

तुझं उत्तर पोचलं. मी केवढं मोठं पत्र पाठवलं, आणि तू चार ओळी. चित्रशाळेत बसणाऱ्यांना शब्द मोजून वापरायची सवय असते बहुतेक.

सूनबाईनं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा कागदाकडे बघून आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. "भिंगरीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ते पान तुझ्या आजीचं आहे. ती म्हणाली, विचारते. मग म्हणाली, विचारलं, आजी नाही म्हणते. ताई, तू नाही का म्हणालीस?"

आता सूनबाई पेन धरून बसली आहे आणि तिलाही उत्तर हवंय. तिच्या भुवया बघितल्या असत्यास तर तुला हसू आलं असतं.

बरं. विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, फोनवर. मी ओट्यापाशी उभी होते, दूध उतू जायच्या बेतात होतं. ती म्हणाली, "आजी, खारूआजी म्हणते तू पण छापखान्यात रंगवायचीस. खरं का?" मी म्हटलं, "मला कुठलं येतंय रंगवायला, मी कागदाच्या घड्या घालत होते."

दूध उतू गेलं नाही. वेळेवर गॅस बंद केला. बाकी काही वेळेवर सुचलं नाही.

तिनं नुसतं 'आजी, तू रंगवायचीस का' असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण आधी 'खारूआजी म्हणते'. माझ्याच नातीला माझी ओळख तू करून देणार, आणि मी मान डोलावून म्हणणार, हो हो, त्या म्हणतात ते खरं आहे? शिवाय या घरात साठ वर्षं मी घड्याच घालत होते. ह्यांनाही मी तेच सांगितलं होतं, ते गेले तेही तेच समजून. रंगवत होते म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग सोडलं का? मग तुझी बहीण वर गेली आणि तू खाली का राहिलीस? घड्या घालणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही.

सूनबाईला हे सगळं आत्ता कळतंय. तिला मी शपथ घातली आहे की स्वतःच्या पोरीला यातला एक शब्द सांगायचा नाही. तिनं शपथ घेतली, पण चेहरा असा केला की जणू मी तिला एरंडेल पाजलं.

तर ऐक, तुला माहीत असलेलंच. लांब टेबल, सहा मुली, प्रत्येकीचा एक रंग. कागद डावीकडून उजवीकडे सरकायचा. तू हिरव्यावर, पंधरा वर्षांची. हिरवा रंग विषारी, म्हणून ब्रशला ओठांनी टोक करायला हिरव्यावरच्या मुलींना बंदी होती, बाकीच्या आम्ही दिवसभर रंग चाखायचो. तुझ्या उजव्या हाताला मी, अठराची, तपकिरीवर. समोरच्या फळीवर नमुना टाचलेला. नमुन्यात असेल ते आणि तेवढंच करायचं. डाग पडला की मुकादम कागद फाडायचा आणि तिसऱ्या डागाला घरी पाठवायचा. माझे दोन झाले होते.

तिसरा एरंडाच्या पानावर पडला. चांगला टपोरा थेंब, उजव्या कडेवर. मी पात्यानं खरवडला, तर छापाची रेघच निघून आली आणि पानाला खाच पडली. मग मी त्या खाचेला तपकिरी किनार ओढली, अळी खाते तशी, आणि कागद पुढे सरकवला. मुकादमानं तो उजेडाला धरला. नमुन्याबाहेर काही करणं हा डागापेक्षा मोठा गुन्हा. ओरडला, "हे कुणाचं काम?"

आणि तू उठलीस. तुला कुणी सांगितलं होतं उठायला?

तेवढ्यात प्रोफेसर आत आले. ज्यांचं ते पुस्तक, ते प्रोफेसर. त्यांनी कागद घेतला आणि हसायला लागले. म्हणाले, "वीस वर्षं मी हा नमुना बघतोय. इतकी लठ्ठ अळी आणि पान शाबूत! ही काय हवा खाऊन जगते? कुणाला दिसलं हे?" आणि उभी कोण होती? उभ्या माणसाला बक्षीस मिळतं, खारू. महिन्याभरात तू वरच्या मजल्यावर, चित्रशाळेत, पाट्या लिहायला आणि रेषा शिकायला. आणि मी खाली, तुझा म्हणून टाचलेला नवा नमुना समोर ठेवून, छापून पडलेल्या तीनशे कागदांवर माझीच खाच नकलून काढत. प्रत्येकीला किनार. मुकादम मागे उभा राहून म्हणायचा, "धाकटीसारखी बारीक नाही जमत तुला."

तीनशे. मोजता येतं मला, वाचता येत नसलं तरी.

आता तूच तिला पुन्हा सांग. तुझ्यावर विश्वास ठेवेल ती. माझी झाकली मूठ आहे, ती मी उघडणार नाही.

ताई


२७ फेब्रुवारी, मंगळवार

खारू,

तुझं दुसरं पत्र पहिल्याहून आखूड. "मी एकदा तुझ्यासाठी उभी राहिले, तेव्हापासून मला बसताच आलेलं नाही. या वेळी तू उठ."

हे वाचून झाल्यावर सूनबाई चहा करायला गेली. अर्धा तास चहा करत होती. मी म्हटलं, पानं तोडायला मळ्यात गेली होतीस का? तर डोळे पुसून हसली. म्हणजे आता तीही तुझ्या बाजूची. मुलगा आधीपासून तुझी चित्रं फोनमधे बघतो. या घरात माझ्या बाजूला आता मी आणि दाराबाहेरचं मांजर, आणि मांजरही दूध देईल त्याचं.

बसता आलं नाही म्हणे. केवढी तुझी ती व्यथा! भिंतीवर चित्रं लागली, पुस्तकाला नाव लागलं, लांबलांबची माणसं पत्रं लिहून विचारतात की पंखावरची भुकटी कशी रंगवायची, आणि बाई दमल्या उभं राहून. मी रात्रंदिवस बसूनच होते ना.

चार दिवस मी असंच बोलत फिरले. पाचव्या दिवशी सूनबाईनं विचारलं, उत्तर काय लिहू? मी म्हटलं, हेच. ती म्हणाली, "आई, मुकादम ओरडला तेव्हा तुम्ही घाबरलात, समजलं. पण प्रोफेसर हसत होते. तेव्हा का नाही बोललात?"

ही माझी सून पंचवीस-तीस वर्षं माझ्या समोर कधी वर मान करून बोलली नाही. पेन हातात आलं आणि वकील झाली.

तर आता हे लिहिते, म्हणजे लिहून घेते. प्रोफेसर म्हणाले, कुणाला दिसलं हे? तू बोलली नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस. मला सगळं आठवतं, तुझ्या ओठाच्या कोपऱ्याला हिरवा लागला होता, बंदी मोडून तू ब्रश चाटला होतास. तू बघत राहिलीस आणि वाट बघत राहिलीस. मी खाली बघून ब्रश धूत होते. ब्रश स्वच्छ होता, तरी धूत होते. मला वाटलं हा सापळा आहे, हसून गोड बोलून चोर पकडायचा. मग त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि तू हो म्हणालीस. सापळा नव्हता हे मला संध्याकाळपर्यंत कळलं होतं. संध्याकाळी सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. पण तोवर तू हसायला लागली होतीस गं. वरच्या मजल्याचा जिना तू दोन-दोन पायऱ्या चढत होतीस आणि ते बघून मी ठरवलं, हिनं चोरलं. तसं ठरवलं की झोप येत होती.

ती झोप मी त्रेसष्ट वर्षं वापरली.

आणि सव्वीस वर्षांपूर्वी भिंगरी जन्मली तेव्हा तू आली होतीस, बाळाला बघायला, रंगांची पेटी घेऊन. मी दारातच सांगितलं, घरात पाहुण्यांना जागा नाही. दोन खोल्या रिकाम्या होत्या. पेटी मी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला देऊन टाकली. त्यानं तिच्यातल्या पिवळ्यानं समोरच्या केशकर्तनालयाची पाटी रंगवली होती, फार सुंदर दिसायची, मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं.

तरी मी तिला सांगेन असं समजू नकोस. सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? की जिनं पान खरंच बघितलं असं तू दोन वर्षं म्हणतेस, तिच्या हातून डाग पडला होता? पोरीच्या सगळ्या भिंती त्या एका वाक्यावर उभ्या आहेत. ती आठ मार्चला येतेय, मजकूर आम्हाला वाचून दाखवायला. मी ऐकेन, छान म्हणेन. तुझं नाव लागू दे. तुला सवय आहे.

ताई

मावशी, वरचं सगळं आईंनी सांगितलं तसं लिहिलं आहे, काही गोड केलेलं नाही. शपथेमुळे मी गप्प आहे. पण रोज सकाळी आई त्या पानाचा भिंगरीनं पाठवलेला छापील फोटो खिडकीपाशी नेऊन बघतात आणि मी आले की उशीखाली घालतात. — सून


९ मार्च, शनिवार

खारू,

अक्षर बदललंय ते दिसलं असेल. तुला हे ओळखीचं आहे. दर आठवड्याला येतं ना तुझ्याकडे.

काल भिंगरी आली. जेवणं झाल्यावर तिनं मजकूर वाचला. चांगला लिहिलाय. तुझ्याबद्दल असं काही लिहिलंय की मी तुला ओळखत नसते तर तुझ्या पाया पडले असते. मुलगा वा म्हणाला. सूनबाई भांडी आवरायला लागली, इतक्या जोरात की दोन कपांचे कान गेले. मी छान म्हटलं. ठरल्याप्रमाणे.

आज सकाळी सूनबाईला म्हटलं, बस, खारूला पत्र लिहायचंय. तर म्हणाली डोकं दुखतंय. तिचं डोकं लग्नापासून कधी दुखलेलं नाही. कागद आणि पेन टेबलावर ठेवून ती बाहेर निघून गेली, आणि पोरगी म्हणाली, "मी लिहिते ना, आजी. खारूआजीला काय लिहू?"

मी म्हटलं, लिही.

लिही, की एरंडाच्या पानाची कड मी कुरतडली.

पेन थांबलंय. लिही गं, मी सांगतेय ते लिहायचं, मधे विचारायचं नाही. लिही की तपकिरीवर मी होते. लिही की डाग पडला, तिसरा, आणि तो लपवायला मी खाच केली. मुकादमानं विचारलं आणि मी बोलले नाही, तेव्हा माझी बहीण माझ्यासाठी उठली, शिक्षा घ्यायला. प्रोफेसरांनी विचारलं आणि मी बोलले नाही. तू फोनवर विचारलंस आणि मी घड्या म्हटलं.

ती विचारतेय, का. बरं, हेही लिही, म्हणजे मला दोनदा सांगायला नको. कारण मी जळत होते. तिच्यावर साठ वर्षं, आणि तुझ्यावर दोन. तू तिच्या हाताचं वर्णन करत होतीस आणि माझ्याच हातचं खात होतीस.

खारू, ती रागावली. मला वाटलं होतं गळ्यात पडेल, सिनेमात पडतात तशी. पेन ठेवून खिडकीपाशी गेली आणि पाठ फिरवून म्हणाली, "म्हणजे तो डाग होता? आणि मी सगळ्यांना सांगतेय की तिला पान दिसलं होतं."

मी म्हटलं, डाग होताच. पण डागाला काय माहीत अळी कशी खाते? पुढचे पाय कडेवर रोवायचे, डोकं वरून खाली आणायचं, पुन्हा वर न्यायचं, पुन्हा खाली, म्हणून खाच नेहमी वाटीसारखी गोल होते. शिरेपाशी आली की वळते, जाड शीर तिला चाववत नाही. आणि खाल्लेली कड आधी ओली हिरवी असते, दुसऱ्या दिवशी तपकिरी पडते. छापखान्याच्या मागे एरंड माजला होता. डबा खायला मी तिथे बसायची, कारण बाकीच्या मुली, खारू, तुझं कौतुक करायच्या. तेव्हाही. तू वर जायच्याही आधी. तासन् तास अळ्या बघितल्यात मी.

हे ऐकून ती वळली. मग बॅगेतून ब्रश काढला, कागद काढला, माझ्यापुढे ठेवला. मी ब्रश पाण्यात बुडवला आणि ओठांनी टोक केलं, तर किंचाळली, "आजी, तोंडात नको!" त्रेसष्ट वर्षं मेले नाही, आता काय मरतेय. एक खाच काढली. हात थोडा हलला. थोडा. तिनं तो कागद पुस्तकाशेजारी धरला आणि बराच वेळ बघितलं, आणि मग खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसली. अजून रागात आहे. जवळ बसून रागात आहे. पेन पुन्हा हातात घेतलंय, म्हणून हे लिहून होतंय.

मजकूर बदलायचा म्हणते. उद्याच छापायला जायचाय. डागाचं, मुकादमाचं, तुझ्या उठण्याचं, सगळं लिहायचं म्हणते. मी म्हटलं, लोक हसतील. ती म्हणाली, हसू देत, प्रोफेसरही हसले होते. मग म्हणाली, नावं दोघींची घालू.

मी म्हटलं, घाल. माझं वर.

ती म्हणाली, "आजी, शेजारी शेजारी घातली तर?"

मी म्हटलं, मी मोठी आहे, डाग माझा आहे, अळी मी बघितली. वर. तिला हसू आलं, सकाळपासून पहिल्यांदा, पण ती तुझ्या बाजूनं हसली की माझ्या बाजूनं ते मला कळलं नाही.

आता तिनं कागदावर लिहून दाखवलंय. दोन ओळी आहेत, एक वर आणि एक खाली, एवढं मला दिसतं. वरची माझी आहे असं ती म्हणते. सूनबाई डोकेदुखी बरी होऊन दारात उभी आहे, तीही तेच म्हणते. पण एक तुझ्या घरी दोन वर्षं जेवलेली आणि दुसरी तुझ्या पत्रावर रडलेली. त्यांचा काय भरवसा.

माझ्यासाठी गाडीत जागा केली आहे. पंधराला मी येतेय. तूही ये, आणि त्या भिंतीपाशी उभी राहून वर कुणाचं नाव आहे ते मला वाचून सांग. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही.

तुझी ताई